पोटात दडविलेल्या अमली पदार्थांचा शोध

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरलेल्या एखाद्या प्रवाशाच्या सामानात आक्षेपार्ह असे काहीच आढळत नाही. परंतु दीर्घ प्रवासात त्याने अन्नपाण्याला स्पर्शही केलेला नसतो आणि साध्या प्रश्नांचीही उत्तरे तो अडखळत देतो. सीमाशुल्क अधिकाऱ्यांचा संशय बळावतो तो अशा वेळी. अमली पदार्थ रबरी वेष्टनात घट्ट बांधून त्या पुड्या गिळावयाच्या व परदेशी पोचवावयाच्या, हा प्रकार वैद्यकीय वाङ्मयात प्रथम नोंदला गेला तो १९७३ साली, कॅनडात. एका पुडीत साधारणतः दहा ग्रॅम माल असतो; अशा पन्नास ते शंभर पुड्या एका व्यक्तीच्या पोटात असू शकतात.

केवळ संशयावरून कोणाचे शरीर तपासता येत नाही. तसे ते येऊही नये. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १०३ मध्ये यासाठी निश्चित कार्यपद्धती आहे. विमानतळावरील यंत्राने तपासणी करावयाची तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार वरिष्ठांची पूर्वमान्यता व संशयिताची संमती आवश्यक आहे. क्ष-किरण तपासणीचा आदेश देतात ते दंडाधिकारी, आणि क्ष-किरणतज्ज्ञाचा अहवालही त्यांच्याकडेच जातो. माल बाहेर काढण्याचे काम वैद्यकीय देखरेखीखालीच होते. संशयित स्त्री असल्यास देखरेख करणारी डॉक्टरही स्त्रीच असावी लागते.

क्ष-किरण चित्रात एकसारख्या आकाराच्या लांबट सावल्या आणि वेष्टनाच्या थरांत अडकलेल्या हवेची बारीक रेघ दिसते. काही पुड्या मात्र या चित्रातून निसटतात. म्हणून शंका उरल्यास सी.टी. स्कॅन करतात. लघवीच्या चाचणीवर फारसे विसंबता येत नाही. पुडी घट्ट असेल तर चाचणीत काहीच उतरत नाही.

खरा धोका आहे तो पुडी फुटण्याचा. हेरॉईनवर नॅलोक्सोन हा उतारा आहे. कोकेनवर तसा उतारा नाही, त्यामुळे तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. खनिज तेलाचे रेचक रबर कमकुवत करते, तर दुर्बिणीच्या चिमट्याने पुडी फाटण्याची भीती असते. मग उरते ती प्रतीक्षा. दाराशी पहारा, खाटेवर संशयित आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पुडीची नोंद, असे कित्येक दिवस जातात. तो आरोपी असला तरी त्या काळात आधी रुग्ण असतो.

पोलीस दिसताच हातातील पुडी घाईने गिळणाऱ्याचे प्रकरण याहून वेगळे. माल थोडा, पण बांधणी कच्ची. क्ष-किरणात बहुधा काहीच दिसत नाही. अशा व्यक्तीला कोठडीत न ठेवता तत्काळ रुग्णालयात नेणे अगत्याचे आहे.

जप्त मालाचे नमुने अमली पदार्थविषयक १९८५ च्या अधिनियमाच्या कलम ५२-अ नुसार दंडाधिकाऱ्यांसमोर घेतले जातात व मोहोरबंद होऊन प्रयोगशाळेत जातात. कोबाल्ट थायोसायनेटने कोकेनला निळा रंग येतो. तथापि इतर काही द्रव्येही हाच रंग देतात. त्यामुळे अंतिम निष्कर्ष वायुवर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमापन या पद्धतींनीच काढला जातो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भेसळीसह एकूण वजन ग्राह्य धरावे असे ठरविले. कोकेन १०० ग्रॅमपेक्षा अधिक भरले की ते व्यापारी प्रमाण ठरते आणि शिक्षा किमान दहा वर्षांची होते. दहा ग्रॅमच्या अकरा पुड्या त्याला पुरेशा होतात.