ताइफकरांची शेवटची अट

(इस्लामचा श्रद्धाविचार : लेखांक ६)

मक्केजवळच्या डोंगरात, द्राक्षमळ्यांनी वेढलेलं ताइफ हे थंड हवेचं गाव. तिथल्या सकीफ जमातीची देवी अल्-लात. इ.स. ६३० मध्ये मक्का प्रेषित मुहंमदांच्या हाती आली आणि पुढच्या वर्षभरातच सकीफांचं शिष्टमंडळ मदिनेत दाखल झालं. इस्लाम स्वीकारायला ते तयार होते, पण अटी घालून. इब्न इसहाक या आरंभीच्या चरित्रकाराने हा प्रसंग बारकाईने नोंदवला आहे. अल्-लातला तीन वर्षं हात लावू नका, अशी त्यांची पहिली मागणी होती. ती नाकारली गेली. मग ते एकेक वर्ष कमी करत आले, तरी उत्तर बदललं नाही. निदान महिनाभर तरी मूर्ती राहू द्या, गावातल्या अडाणी माणसांना आणि बायकापोरांना धक्का बसेल, असं म्हणून पाहिलं. तेही मान्य झालं नाही. शेवटी ते म्हणाले, मग आमच्या हातांनी तरी ती फोडायला लावू नका. ही एवढी अट मात्र लगेच मान्य झाली.

मूर्ती पाडायला अबू सुफयान आणि मुगीरा बिन शुअबा यांना धाडण्यात आलं. मुगीरा सकीफांपैकीच. आणि अबू सुफयान तर काही वर्षांपूर्वी उहुदच्या रणात मक्केच्या हुबल देवाचा जयजयकार करणारा सेनापती. मुगीराने घाव घातले तेव्हा सकीफांच्या बायका उघड्या डोक्याने, आक्रोश करत घराबाहेर आल्या, असं इब्न इसहाक सांगतो. मुसलमान इतिहासकाराने तो आक्रोश लपवला नाही, याचं मला फार मोल वाटतं. तिथे काय तुटत होतं, हे त्याला ठाऊक होतं.

ज्यांनी आपणहून येऊन शरणागती पत्करली, त्यांना एक महिनाही का मिळू नये? याचं उत्तर शोधायला मक्केत मागे जावं लागतं.

आपल्याकडे सर्रास समजलं जातं की अरबांना अल्लाह ठाऊक नव्हता, तो इस्लामने आणला. तसं नव्हतं. प्रेषितांच्या वडिलांचं नाव अब्दुल्लाह होतं आणि ते इस्लामच्या कितीतरी आधी ठेवलेलं होतं. त्याच अब्दुल्लाहच्या एका भावाचं नाव अब्दुल-उज्जा, म्हणजे उज्जा देवीचा दास. हाच पुढे अबू लहब म्हणून प्रेषितांचा कट्टर विरोधक ठरला. एकाच बापाने एक मुलगा अल्लाहच्या नावे केला आणि दुसरा उज्जाच्या, आणि त्यात त्याला कसलीही विसंगती वाटली नाही. मक्केचा तेव्हाचा धर्म समजून घ्यायला हे एक घर पुरेसं आहे.

कुरआनही मक्केकरांना नास्तिक म्हणत नाही. आकाश आणि पृथ्वी कुणी घडवली असं विचारलं तर ते अल्लाहचंच नाव घेतील, हे कुरआनात अनेक ठिकाणी आलं आहे. मग ते इतरांना का भजतात? एकोणचाळिसाव्या सूरेत त्यांचंच म्हणणं दिलं आहे : हे आम्हाला अल्लाहच्या जवळ नेतात म्हणून. त्रेपन्नाव्या सूरेत नावानिशी उल्लेखलेल्या अल्-लात, अल्-उज्जा आणि मनात या तिघी त्यांच्या लेखी अल्लाहच्या लेकी होत्या, वर शब्द टाकणाऱ्या. कुरआनचा घाव नेमका या मधल्या जागेवर पडतो. निर्माता एकच आहे, हे कबूल करणं पुरेसं नाही. हात पसरायचे ते त्याच्याचपुढे, डोकं टेकायचं ते त्यालाच, भय आणि भरवसा अखेर त्याचाच. यातला वाटा दुसऱ्या कुणाला देणं म्हणजे शिर्क, आणि तो वाटा कुणालाच न देणं म्हणजे तौहीद. एकशे बाराव्या सूरेच्या चार छोट्या आयतींत हे सारं सामावलेलं आहे.

आता ताइफचा नकार कळतो. एक महिना दिला असता तर तेवढा काळ मधली जागा मान्य केल्यासारखं झालं असतं. शिर्कला माफी नाही असं चौथ्या सूरेत म्हटलं आहे, त्याचा अर्थ विद्वान असा करतात की त्याच अवस्थेत, पश्चात्ताप न करता मेलेल्याला माफी नाही. एरवी प्रेषितांचे कितीतरी जवळचे सोबती आधी मूर्तिपूजकच होते.

इथे मराठी वाचक हटकून विचारतो : मग काबा? तो काळा दगड? प्रश्न रास्त आहे आणि तो मुसलमानांनाही पडला होता. दुसरे खलीफा उमर यांनी त्या दगडासमोर उभं राहून सांगितल्याची नोंद हदीसांत आहे की, तू दगड आहेस, तुझ्याने भलं होत नाही की बुरं, प्रेषितांना चुंबन घेताना पाहिलं नसतं तर मीही घेतलं नसतं. इतिहासही हेच सांगतो. सुरुवातीला नमाजाची दिशा जेरुसलेमची होती, ती इ.स. ६२४ मध्ये काब्याकडे वळली. इ.स. ९३० मध्ये करमती बंडखोरांनी तो दगड उचलून पूर्व अरबस्तानात नेला आणि सुमारे वीस वर्षांनी परत केला. तेवढी वर्षं तो जागेवर नव्हता, तरी नमाज काब्याच्याच दिशेने होत राहिला. मूर्ती पळवली तर पूजा थांबते, दिशा पळवता येत नाही.

प्रेषितही या नियमातून सुटले नाहीत. इ.स. ६३२ मध्ये ते वारले, तेव्हा हे खरं मानायला लोक तयार होईनात. त्यांचे जवळचे सोबती अबू बक्र यांनी पुढे येऊन सांगितलं की मुहंमदांची उपासना करणाऱ्यांनी ऐकावं, ते गेले आहेत, अल्लाह मात्र जिवंत आहे. ज्याच्यासाठी घरदार सोडलं, त्या माणसाबद्दल, त्याच दिवशी हे बोलायला केवढं बळ लागलं असेल!

मूर्ती गेल्यावर वाद संपला का? उलट तो घरात आला. लोकांनी पाहावं म्हणून केलेला नमाज, ज्याला रिया म्हणतात, तोही हदीसांनी छोट्या शिर्कमध्ये धरला. आणि मोठा वाद पेटला कबरींवरून. कबरींच्या दर्शनासाठी मुद्दाम प्रवास करण्याला विरोध करणारे इब्न तैमिया त्याच वादापायी दमास्कसच्या गढीत कैदेत पडले आणि १३२८ मध्ये तिथेच वारले. अठराव्या शतकात नज्दमध्ये मुहंमद बिन अब्दुल वहाब यांनी घुमट पाडायला सुरुवात केली. त्यांचा वारसा सांगणाऱ्या सौदी राजवटीत, १९२५-२६ च्या सुमारास, मदिनेच्या जन्नतुल बकी दफनभूमीतल्या प्रेषितांच्या आप्तांच्या कबरींवरचे घुमटही उतरवले गेले. जगभरच्या असंख्य मुसलमानांना, शियांना तर विशेष, ती जखम अजून ओली आहे.

आपल्याकडे हा वाद देवबंद आणि बरेली या नावांनी ओळखला जातो. बरेलीवाले म्हणजे कबरपूजक, हे सोपं समीकरण मला अन्यायाचं वाटतं. औलियांच्या मजारींचा आदर हिरिरीने मांडणाऱ्या अहमद रझा खान यांनीच कबरीला आदराचा सजदा करणंही हराम ठरवणारा प्रबंध लिहिला आहे. अल्लाहकडे मागताना औलियाचा वसीला, म्हणजे मध्यस्थी, घ्यावा का, औलियाला दुआ करायला सांगावं का, की थेट औलियाकडेच मागावं, या तीन गोष्टींतलं अंतर दोन्ही बाजू जाणतात. भांडण आहे ते रेषा कुठे ओढायची याचं.

दुसऱ्यांच्या श्रद्धेपुढे कसं वागावं याचीही रेषा कुरआनात आहे. अल्लाहखेरीज ज्यांना लोक हाका मारतात त्यांना शिव्या देऊ नका, असं सहाव्या सूरेची १०८वी आयत बजावते. तौहीदवर बोलणाऱ्या प्रत्येकाने ती आधी वाचावी, असं मला मनापासून वाटतं. मूर्तीची निंदा करणं म्हणजे तौहीद पाळणं, असा समज करून घेणाऱ्यांनी तर नक्कीच.

माहीमच्या दर्ग्यात उरुसाला चादर आणि संदल घेऊन गर्दी लोटते, त्यात हिंदूही असतात आणि मुंबई पोलिसांचा तिथला मान प्रसिद्धच आहे. तिथे विसावलेले मखदूम अली माहीमी हे पंधराव्या शतकातले कुरआनचे नामवंत भाष्यकार आणि इब्न अरबींच्या विचारांचे अनुयायी. एकच ईश्वर पूजावा यापुढे जाऊन, खरं अस्तित्वच एका ईश्वराचं आहे, असं ती विचारधारा मानते. हे तौहीदचं शिखर, की तौहीदच्याच नावाखाली निर्माता आणि निर्मिती यांतली भिंत पाडणं? शेख अहमद सरहिंदींनी सतराव्या शतकाच्या आरंभी त्यावर कडाडून आक्षेप घेतला. या दोन भूमिकांचा वाद पुढच्या आठवड्यात.