टपाल सर्व्हरवर, दफ्तर आपल्याकडे

पाटस हे दौंड तालुक्यातले, पुणे-सोलापूर महामार्गावरचे गाव. इथे भीमा सहकारी साखर कारखाना आहे, जवळच कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे आणि बारामतीचा रस्ताही इथूनच फुटतो. अशा गावात वाहतूकदार, ठेकेदार, माल पुरवणारे आणि त्यांचे हिशेब लिहिणारे यांचा राबता असणारच. या मंडळींचे कामाचे कागद आता बहुतेक ई-मेलनेच येतात: खरेदीची ऑर्डर, दरपत्रक, बिल, बँकेचे पत्र. मेलचा पत्ता बहुधा एखाद्या फुकट सेवेचा असतो आणि मेल पाहिली जाते ती ब्राउझरमध्ये किंवा मोबाइलवर. घरगुती पत्रव्यवहाराला एवढे पुष्कळ झाले. धंद्याच्या किंवा संस्थेच्या मेलला मात्र ते पुरत नाही. पत्ता खुशाल वेबमेलचा असावा. पण त्या खात्याला कार्यालयातल्या संगणकावरचा मेल प्रोग्राम जोडून पत्रांची एक प्रत आपल्या ताब्यात ठेवलीच पाहिजे.

याचे पहिले कारण कायद्यात आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 169 नुसार नोंदणीच्या वेळी दिलेल्या ई-मेलवर पाठवलेली नोटीस ही रीतसर बजावलेली नोटीस ठरते. ‘मेल पाहिलीच नाही’ हे उत्तर तिथे फारसे चालत नाही. त्याच कायद्याच्या कलम 36 प्रमाणे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपासून 72 महिने हिशेबाची कागदपत्रे जपावी लागतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चे कलम 7 आणखी पुढे जाते. इलेक्ट्रॉनिक नोंद जपायची तर ती ज्या स्वरूपात आली किंवा पाठवली त्या स्वरूपात, अथवा मूळ मजकूर अचूक दाखवणाऱ्या स्वरूपात हवी. शिवाय ती कुठून आली, कुठे गेली, कधी गेली हे कळायला हवे. मेलचा स्क्रीनशॉट किंवा प्रिंट इथे तोकडा पडतो. थंडरबर्ड या मोफत प्रोग्राममध्ये एखादे पत्र उघडून कंट्रोल आणि यू ही बटणे दाबली, की मजकुराच्या वर ओळींची एक उतरंड दिसते. पत्र कोणकोणत्या सर्व्हरवरून, किती वाजता पुढे सरकले हे त्यात खालून वर वाचता येते. पत्राला स्वतःचा असा एक ओळख क्रमांकही असतो. ग्रामपंचायतीच्या किंवा सोसायटीच्या आवक-जावक रजिस्टरात जे हाताने नोंदवावे लागते, ते इथे पत्रालाच चिकटून येते, आणि मूळ पत्र जपले तरच टिकते.

मेल आपल्या संगणकावर उतरवून घेणे ही काही नवी टूम नाही. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा फोनच्या तारेवरून तासाच्या हिशेबाने जोडणी मिळे. त्यामुळे जोडणी करायची, युडोरासारख्या प्रोग्रामने पत्रे उतरवायची, लाइन तोडायची आणि मग निवांत वाचायची, हीच रीत होती. 4 जुलै 1996 ला सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले आणि ब्राउझर असलेल्या कुठल्याही संगणकावर पत्रपेटी उघडू लागली. 1 एप्रिल 2004 ला जीमेल 1 जीबी जागा घेऊन आले आणि पत्रे पुसण्याची गरजही संपली. सोय वाढली, पण त्या सोयीपोटी पत्रांचा ताबा नकळत दुसऱ्याकडे गेला.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की एवढ्या मोठ्या कंपन्यांपेक्षा आपला संगणक सुरक्षित कसा? आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. फेब्रुवारी 2011 च्या अखेरीस जीमेलच्या एका बिघाडात सुमारे 0.02 टक्के खातेदारांच्या पेट्या रिकाम्या दिसू लागल्या. गूगलने ती पत्रे परत आणली ती चुंबकीय टेपवरच्या, जाळ्यापासून अलग ठेवलेल्या प्रतीवरून. म्हणजे खुद्द गूगललाही वेगळ्या प्रतीचाच आधार घ्यावा लागला. शिवाय दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचे धोरण गूगलने डिसेंबर 2023 पासून लागू केले आहे. त्याहून नेहमीची अडचण गावातल्या कार्यालयात असते. खाते ज्या कारकुनाच्या मोबाइल नंबरवर उघडलेले, तो नोकरी सोडून गेला की ओटीपी त्याच्याकडे आणि संस्थेची पत्रे कुलपात.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे, आणि त्यात तथ्य आहे. नुसता प्रोग्राम जोडला म्हणजे दफ्तर झाले असे नाही. जोडणीच्या दोन पद्धती आहेत. पॉप पद्धतीत पत्र आपल्या संगणकावर उतरते. सर्व्हरवरची प्रत ठेवायची की काढायची हे आपण ठरवतो. आयमॅप पद्धतीत संगणकावरची पेटी आणि सर्व्हरवरची पेटी एकमेकींशी जुळवून ठेवल्या जातात. पाठवलेली पत्रेही दिसतात आणि मोबाइलवर वाचलेले पत्र इथेही वाचलेलेच दिसते. मात्र मोबाइलवर पुसलेले पत्र इथूनही जाते. म्हणून रोजच्या कामाला आयमॅप ठेवावे आणि वर्षाची पत्रे थंडरबर्डमधल्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये ‘कॉपी’ करावीत. ‘मूव्ह’ केली तर ती सर्व्हरवरून निघून जातात. प्रोग्राम निवडतानाही डोळे उघडे हवेत. मायक्रोसॉफ्टचे नवे आउटलुक इतर कंपन्यांच्या खात्यांतली पत्रेही आपल्या क्लाउडशी जुळवू शकते. तसे झाले तर दफ्तर घरी येण्याऐवजी तिसऱ्याच्या हाती जाते.

जोडणी अवघड आहे ही तक्रार आता जुनी झाली. जीमेलसाठी येणाऱ्या पत्रांचा सर्व्हर आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट 993. हे थंडरबर्ड स्वतःच ओळखतो. गूगलने 30 मे 2022 पासून वैयक्तिक खात्यांना नुसत्या पासवर्डवर चालणारी जोडणी बंद करायला घेतली. त्यामुळे खूप जुना प्रोग्राम अडतो. नव्यात गूगलचीच खिडकी उघडते आणि परवानगी दिली की काम होते. काही सेवांच्या फुकट योजनेत ही जोडणी मिळत नाही, तेव्हा खाते उघडण्याआधी चौकशी करावी. संगणक बिघडेल, व्हायरस येईल ही भीतीही खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे संगणकाला पासवर्ड लावायचा आणि या फोल्डरांची नक्कल एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ती संगणकापासून सोडवून कपाटात ठेवायची. लाइट गेली किंवा रेंज नसली तरी चार्ज असलेल्या लॅपटॉपवर उतरलेली पत्रे वाचता येतात, हा वरचा फायदा.

येत्या 31 मार्चला हिशेब बंद कराल, तेव्हा वर्षभराच्या मेलचीही प्रत काढा, डिस्कवर वर्षाची चिठ्ठी लावा आणि खात्याचा मोबाइल नंबर संस्थेचाच आहे ना, हे त्याच दिवशी तपासा.