आभाळ जमिनीपेक्षा उजळच हवं

पहाटे ५. ऑक्टोबरअखेरचा हरिश्चंद्रगड. विजेरीच्या उजेडात तारामती शिखराची चढण. वर पोचताच ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ११.

६.१०. सूर्य यायला वीसेक मिनिटं आहेत, खरं काम याच वेळात. आभाळ तापायला लागलंय, पायाशी गवत अजून काळोखात. उजेडातलं अंतर सहज पाच स्टॉपचं (दर स्टॉपला दुप्पट), म्हणजे बत्तीसपट. आजचे सेन्सर एवढं अंतर टिपतातही, पण सावली नंतर फार उचलली की दाणे उमटतात. म्हणून भिंगापुढे ग्रॅड फिल्टर: वर गडद, खाली स्वच्छ काच. ०.९ची काच तीन स्टॉप खाते, उरलेले दोन मुद्दाम राहू द्यायचे. पूर्वेचं क्षितिज दूरचं आणि बरंचसं सपाट असल्यानं काचेची सीमा लपते.

८.००. पुष्करणी. पाण्यातलं आभाळ वरच्या आभाळापेक्षा नेहमीच मंद असतं. फिल्टर जास्त ओढला की उलटं दिसतं, आणि का खटकतंय हे न कळताही बघणाऱ्याला खटकतं.

११ ते ३. उजेड चपटा. पिठलं-भाकरी, झोप. आभाळ आणि जमीन एका फ्रेममध्ये बसवायची ही भानगड फोटोग्राफीइतकीच जुनी. सुरुवातीच्या निगेटिव्हच्या काचा निळ्या प्रकाशाला फार हळव्या, आभाळ पांढरंफट्ट यायचं. १८५६-५७च्या सुमारास फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रेनं समुद्राची काही चित्रं दोन निगेटिव्ह जोडून छापली, एक आभाळाची, एक पाण्याची. जोडकामाला ‘फसवणूक’ म्हणणाऱ्यांनी ती बघावीत.

४.३०. कोकणकडा. इथे फिल्टर पिशवीतच. कड्याची धार क्षितिजाच्या वर चढते, सरळ काच ठेवली तर आभाळासोबत कडाही काळवंडतो. त्यामुळे ब्रॅकेटिंग: एकाच दृश्याच्या कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम, नंतर जोडायला. पहिली फ्रेम आभाळासाठी, हिस्टोग्राम उजव्या काठाला न भिडता. मग दोन-दोन स्टॉप वाढवत आणखी दोन-तीन. छिद्र आणि फोकस तेच, बदलायचा फक्त शटरचा वेग. सूर्यबिंब पांढरं पडलं तर पडू दे, त्याच्याभोवतीचा रंग शाबूत हवा. दरीतून वर येणारा वारा गवत हलवतो, तेव्हा गवत एकाच फ्रेममधून घ्यायचं, नाहीतर जोडताना पात्यांची भुतं होतात.

६.१५. सूर्य बुडाला की गर्दी पांगते. घाई कशाला? पाठ फिरवून पूर्वेकडे बघा. गुलाबी पट्टा, खाली पृथ्वीची निळसर सावली, आणि जमीन-आभाळात जेमतेम एखाद-दोन स्टॉपचा फरक. ना काच, ना जोडकाम. मला दिवसातली ही सर्वांत प्रामाणिक फ्रेम वाटते.

९.००. तंबूत कार्डांच्या प्रती काढणं. जोडकाम घरी, मोठ्या पडद्यावर. तिथे स्लायडर हातात आला की मोह होतो. सावल्या उचलत उचलत जमीन आभाळाएवढी उजळते आणि संध्याकाळची दुपार होते. तसं झालं की स्लायडर निम्मा मागे घ्या. कडा थोडा काळा राहिला तरी चालेल.