टकटक कुठून येते, ते आधी बघा!

मैत्रिणींनो, आमच्या वाशिमच्या घरी सासऱ्यांची जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याला बनायची ही गाडी. तिची मुंबईतली टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. यंदा आमच्या गाडीत शिलाई मशीनसारखी टकटक सुरू झाली. एका गॅरेजवाल्याने इंजिनच उतरवायला सांगितलं. हे म्हणाले, “भंगारात देऊन टाकू.” मी म्हटलं, आधी दुखणं तर कळू द्या!

चार सिलिंडर, प्रत्येकाला दोन वॉल्व्ह. एक पेट्रोल-हवा आत घेतो, दुसरा धूर बाहेर सोडतो. कॅमशाफ्ट फिरली की टॅपेट, पुशरॉड आणि रॉकर मिळून ते उघडतात. तापल्यावर धातू वाढतो, म्हणून रॉकर आणि वॉल्व्हमध्ये मुद्दाम बारीक फट ठेवतात. ती वाढली की टकटक!

तपास स्वस्तातल्या कामापासून करायचा. आधी ऑइल बघा. मग इंजिन गार असताना वरचं झाकण काढून फीलर गेजने आठही फटी मोजायच्या, कंपनीच्या पुस्तकातल्या मापाशी ताडायच्या. त्या बरोबर असूनही आवाज राहिला, तर झिजलेला रॉकर, वाकलेला पुशरॉड शोधायचा. आमच्याकडे दोनच फटी वाढल्या होत्या. अर्ध्या दिवसात काम झालं, गाडी भंगारातून वाचली.

पण आवाज नकोच म्हणून फट जास्त आवळू देऊ नका. मग वॉल्व्ह नीट मिटत नाही, गरम वायू निसटून तो जळतो, गाडीचा दम जातो. आणि टकटक तर येतच नाही! बोलणाऱ्या वॉल्व्हपेक्षा असा गप्प बसलेला जास्त महागात पडतो.