पाऊस पडला की ट्रक नाटकं करतो: पाणी नेमकं शिरतं कुठून?

ऐकताना पायऱ्या लिहून घेता येत नाहीत, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. म्हणून या भागाचं हे लिखित रूप. घरी ट्रक, टेम्पो, पिकअप काहीही असो, जपून ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये कामाला येईल.

माझे पप्पा कोल्हापूरहून रत्नागिरीला भाजीपाला नेतात. छोटा ट्रक, १२ व्होल्टचा. मागच्या पावसाळ्यात रात्री आंबा घाटात ट्रकचे मागचे दिवे अचानक गेले. मागून येणाऱ्या गाडीने करकचून ब्रेक मारला, म्हणून वाचले. पप्पांनी हे घरी सांगितलंच नाही. मला चार दिवसांनी भावाकडून कळलं.

त्याआधी महिनाभर ट्रकची नाटकं चालूच होती. सकाळी बॅटरी उतरलेली, मागचे दिवे कधी लागायचे, कधी नाही. दुपारी ऊन पडलं की सगळं ठीक. इलेक्ट्रिशियनने आधी फ्लॅशर बदलला, मग रिले, मग बॅटरी. पैसे गेले, त्रास तसाच.

मी शनिवारी घरी गेले. बीटेक झालंय, दिवसभर सॉफ्टवेअरमधले बग शोधते, म्हटलं हे काय अवघड आहे! मल्टिमीटर काढला, फ्यूज तपासले. सगळे चांगले. पप्पा शेजारी उभे राहून म्हणाले, "अगं, तोंड उताराला करून लावला की दुसऱ्या दिवशी नाटकं करतोय बघ. रत्नागिरीत मार्केटला सपाटीवर लावतो, तिथं पाऊस असून काय होत नाही." मी "हो हो" म्हटलं आणि वायरी तपासत बसले. दोन तास वाया गेले. खरा सुगावा पप्पांनी आधीच दिला होता.

आधी समजून घेऊ, पाणी करतं काय?

शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पण गाडीत शिरणारं पाणी धूळ, माती, क्षार घेऊन येतं. ते फ्यूज बॉक्समधल्या दोन पिनांच्या मध्ये साचलं की गाडी बंद असतानाही थोडा करंट गळत राहतो. समजा अर्धा अँपिअर गळतोय. ४८ तासांत २४ अँपिअर-तास गेले. मग नवी बॅटरीही सकाळी उतरलेलीच मिळणार.

दुसरं नुकसान हळूहळू होतं. तांब्यावर हिरवा थर चढतो आणि तिथला रेझिस्टन्स वाढतो. ब्रेकचे २१ वॅटचे दोन बल्ब मिळून साधारण साडेतीन अँपिअर घेतात. वाटेत फक्त अर्धा ओहम रेझिस्टन्स आला, तरी पावणेदोन व्होल्टच्या आसपास तिथेच खाल्ले जातात. बल्ब मंद होतो. त्यात खड्ड्याचा दणका बसला की कॉन्टॅक्टच सुटतो. घाटात हेच झालं होतं.

इथे एक चूक सगळेच करतात. मल्टिमीटरचा बीप वाजला की वायर चांगली, असं धरून चालतात. पण वायरीची एक तार जरी शाबूत असली, तरी बीप वाजतो. म्हणून दिवा चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप मोजा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं दिव्याच्या अर्थिंगला. ०.२ व्होल्टपेक्षा बरंच जास्त आलं तर अर्थिंग खराब आहे. पॉझिटिव्हच्या बाजूलाही असंच, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून दिव्यापर्यंत.

आता पाण्याचा माग

१. पाणी कोणतं ते ओळखा. पाऊस नसतानाही स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर एसीची ड्रेन नळी बघा. चिकट, रंगीत, गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट आहे. फक्त पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर येत असेल तर काच, दाराचं रबर, छप्पर आणि वायपरखालच्या जाळीत अडकलेला पालापाचोळा तपासा.

२. केबिन पूर्ण कोरडी करा. मॅट काढा, डॅशबोर्डखालचं कव्हर काढा. खाली वर्तमानपत्र पसरा, पत्र्यावर टाल्कम पावडर मारा. थेंब कुठून आला ते पावडरीवरच्या रेघेवरून दिसतं.

३. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मग बाहेरून साध्या पाइपने हळू पाणी सोडा. प्रेशरवालं मशिन नको, ते चांगल्या रबरातूनही पाणी आत घुसवतं.

४. सुरुवात खालून करा. एका जागी पाच-दहा मिनिटं, मग वर सरका. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही.

५. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवा.

आमच्याकडे आत मी होते, मोबाइलचा टॉर्च घेऊन. बाहेर पप्पा पाइप धरून. खालचं दार, कोरडं. वायपरची जाळी, कोरडी. मग मी म्हटलं, "पप्पा, तोंड उताराला असताना छपरावरचं पाणी कुठं जातं?" ते म्हणाले, "पुढं. काचेवर." पाइप काचेच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात धरला. सहाव्या मिनिटाला खांबाच्या कव्हरमागून वायरींच्या जुडग्यावरून पाणी ओघळत आलं आणि थेट क्लीनर साइडच्या फ्यूज बॉक्सवर पडलं.

काचेचं रबर कडक होऊन कोपऱ्यात उचललं गेलं होतं. पाणी दिसलं खाली, शिरलं तीन फूट वर. पाणी वायर धरून चालतं, तारांच्या बारीक फटींतूनही सरकतं. आमच्या कामात एरर एका ओळीवर दिसतो आणि चूक भलतीकडेच असते, अगदी तसंच.

दुरुस्तीचा क्रम

आधी पाणी बंद, मग वायरिंग. उलटं केलं तर नवी वायरही हिरवी पडणार. आम्ही काचेचं रबर नवं बसवून घेतलं. फ्यूज बॉक्स सुकवून कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केला. मागच्या दिव्यांच्या वायरचं टोक चकचकीत तांबं लागेपर्यंत कापलं आणि नवी पिन लावली. जुडग्याला फ्यूज बॉक्सच्या आधी खाली झोळ दिला, म्हणजे चुकून पाणी आलंच तर झोळाच्या तळातून गळून जाईल.

आणि हो, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वायरींजवळ लावू नका. त्यातलं ॲसिड तांबं खातं.

त्या रात्री ट्रक मुद्दाम उताराला लावला. पाऊस धो धो. सकाळी पप्पांनी चावी फिरवली, एका झटक्यात चालू. मी मागे जाऊन बघितलं, दोन्ही दिवे लख्ख. पप्पा एवढंच म्हणाले, "मी सांगत होतो की तुला."

खरंच सांगत होते. तेव्हा तुमच्या घरी जो कुणी गाडी चालवतो, त्याला मल्टिमीटर काढायच्या आधी तीन गोष्टी विचारा: कधी होतं, कुठं लावल्यावर होतं, आणि कधी होत नाही. आणि मागचे दिवे एकदा तरी गेले असतील, तर दुरुस्ती होईपर्यंत रात्रीचा घाट नको.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!