सरकारी इमारतींच्या विजेचा हिशेब दर्शनी भागात हवा

जळोची (बारामती), प्रतिनिधी –

घरात फ्रिज किंवा एसी घेताना ग्राहक त्यावरचे तारे आवर्जून पाहतो. देशात २००६ मध्ये सुरू झालेले हे तारांकन आता सर्वांच्या परिचयाचे आहे. मात्र ज्या कार्यालयांचे, शाळांचे आणि दवाखान्यांचे वीजबिल नागरिकांच्या करातून भरले जाते, त्या इमारती वर्षाला किती वीज वापरतात, याची माहिती त्यांच्या दारात मिळत नाही. हद्दवाढीनंतर ग्रामपंचायतीकडून बारामती नगरपरिषदेकडे आलेल्या जळोचीसारख्या भागात हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. खर्चाचा हिशेब शहरातील मुख्य कार्यालयात आणि इमारत मात्र आपल्या वस्तीत, अशी येथील नागरिकांची स्थिती असते.

निर्देशांक कसा काढतात?

केवळ बिलाच्या रकमेवरून इमारतीची पारख होत नाही. मोठी इमारत अधिक वीज वापरणारच. त्यामुळे वर्षभरातील एकूण युनिटना बांधीव क्षेत्रफळाने भागून दर चौरस मीटरमागचा वापर काढतात. यालाच ऊर्जा कामगिरी निर्देशांक म्हणतात. उदाहरणार्थ, ६०० चौरस मीटरच्या कार्यालयात महिन्याला सरासरी २,५०० युनिट वापरले गेले, तर वर्षाचे ३० हजार युनिट होतात आणि निर्देशांक येतो ५०.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने कार्यालयीन इमारतींसाठी २००९ मध्ये तारांकन सुरू केले. त्याच्या मूळ तक्त्यात मिश्र हवामानाच्या प्रदेशातील, निम्म्याहून कमी भाग वातानुकूलित असलेल्या इमारतीला ७० ते ८० निर्देशांकासाठी एक तारा, तर ४० च्या खाली पाच तारे होते. ही योजना ऐच्छिक आहे. ऊर्जा संवर्धन कायद्याखालील इमारत संहिताही प्रामुख्याने १०० किलोवॉट व त्याहून अधिक जोडभाराच्या मोठ्या इमारतींसाठी आहे. वस्तीतील शाळा किंवा लहान दवाखाना त्या मापात सहसा बसत नाही.

ब्रिटनचा अनुभव

युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑक्टोबर २००८ पासून एक हजार चौरस मीटरहून मोठ्या सार्वजनिक इमारतींना ऊर्जा प्रमाणपत्र दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. ही मर्यादा २०१३ मध्ये ५०० आणि २०१५ मध्ये २५० चौरस मीटरवर आणण्यात आली. प्रमाणपत्रावर ‘ए’ ते ‘जी’ अशी श्रेणी असते. ही श्रेणी कागदावरच्या आराखड्यावरून ठरत नाही, तर मीटरवर नोंदलेल्या प्रत्यक्ष वापरावरून ठरते. मागील वर्षांची श्रेणीही शेजारीच दिलेली असल्याने सुधारणा झाली की घसरण, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळते.

कायद्याचा आधार

असा फलक लावण्यासाठी आपल्याकडे नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने अधिकाधिक माहिती स्वतःहून जाहीर करणे अपेक्षित आहे. त्यासाठीच्या माध्यमांत सूचना फलकाचा स्पष्ट उल्लेख आहे. लागणारी आकडेवारीही हाताशी असते. महावितरणच्या बिलावर युनिट, भार आणि मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो, तर क्षेत्रफळ पालिकेच्या दप्तरात असते.

फलकावर काय असावे?

इमारतीचे क्षेत्रफळ, वर्षाचे एकूण युनिट, बिलाची रक्कम, निर्देशांक आणि मागील तीन वर्षांचे आकडे एवढे पुरेसे आहे. जबाबदार अधिकाऱ्याचे पदनामही असावे. मात्र काही पथ्ये पाळावी लागतील.

पहिले म्हणजे, तुलना सारख्याशी सारख्याची व्हावी. दिवसा भरणारी शाळा आणि चोवीस तास चालणारे रुग्णालय यांना एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे ठरेल. पथदिवे किंवा पाणीपुरवठ्याचे पंप त्याच मीटरवर असतील, तर त्यांचा वापर वेगळा काढावा लागेल.

दुसरे पथ्य सौरऊर्जेचे. छतावर पॅनेल बसवल्यावर नेट मीटरिंगमुळे बिल घटते, परंतु इमारतीचा वापर तेवढाच राहू शकतो. बिल शून्यावर आले तरी रिकाम्या खोलीतला पंखा फिरतच असतो. म्हणून एकूण वापर आणि सौरनिर्मिती हे दोन्ही आकडे स्वतंत्रपणे द्यायला हवेत.

तिसरे पथ्य सर्वांत महत्त्वाचे. कमी आकडा म्हणजे चांगली इमारत, असे समीकरण मांडता येणार नाही. वर्गात दिवे बंद पडले असतील किंवा दवाखान्यातील लस साठवणारा फ्रिज नादुरुस्त असेल, तरीही निर्देशांक खालीच येतो. त्यामुळे सुविधा सुरू असल्याची नोंद आकड्याशेजारी असायला हवी.

फलकाने वीज वाचत नाही. ती वाचते दिवे बदलल्याने, यंत्रांची देखभाल केल्याने आणि जाताना बटण बंद केल्याने. परंतु आकडा दारावर आला की तो का वाढला, हे विचारण्याची सोय नागरिकाला होते. राज्य सरकारच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात २०२० पासून स्थानिक स्वराज्य संस्थांच्या ऊर्जाविषयक कामाला गुण दिले जाऊ लागले. गुणांसाठी गोळा होणारी माहिती सरकारदरबारी जाते. तीच करदात्यांसमोर मांडायची, तर खर्च एका फलकाचा आणि वर्षातून एकदा आकडे बदलण्याचा आहे.