पोर्टचा फुत्कार

घरी सबवूफर बांधणारा माणूस वूफर निवडायला महिने घालवतो आणि पोर्टचा विचार पाच मिनिटांत उरकतो. पुढे सिनेमात खोल घरघर सुरू झाली, की बॉक्समधून हवेचा ‘फूस्-फूस्’ फुत्कार ऐकू येतो आणि सगळा परिणाम विस्कटतो.

पोर्ट म्हणजे बॉक्सला बसवलेली उघडी नळी. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जसा घुमार निघतो, तेच तत्त्व इथे कामाला येते. बेल लॅब्जच्या अल्बर्ट थुरास यांना या रचनेचे पेटंट १९३२ साली मिळाले. तिचे भरवशाचे गणित मात्र ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडले आणि १९७०च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेले.

ज्या वारंवारतेला बॉक्स ट्यून केलेला असतो, तिथे वूफरचा पडदा फारसा हलत नाही; जवळजवळ सगळा आवाज पोर्ट काढतो. त्यामुळे नळीतली हवा तिथेच सर्वांत जोरात धावते. हा वेग सेकंदाला १७ मीटरच्या, म्हणजे ध्वनिवेगाच्या सुमारे ५ टक्क्यांच्या आत ठेवावा, असा जुना ठोकताळा आहे. १० सेंमी व्यासाच्या पोर्टमध्ये २५ हर्ट्झला हवा या वेगाला पोचते, तेव्हा उघड्यावर, जमिनीवर ठेवलेल्या सबवूफरचा आवाज १ मीटरवर साधारण १०३ डेसिबल असतो. त्याहून ६ डेसिबल जास्त हवे असतील तर वेग दुप्पट होतो.

मग पोर्ट रुंद का करू नये? कारण रुंदीबरोबर लांबीही वाढते. ५० लिटरचा बॉक्स २५ हर्ट्झला ट्यून करायचा, तर ७.५ सेंमी व्यासाची नळी सुमारे ३७ सेंमी लांब लागते, १० सेंमीची ६७ सेंमी आणि १५ सेंमीची दीड मीटरहूनही लांब! ती बॉक्समध्ये मावणार कुठे? शिवाय लांब नळीला स्वतःचा सूर असतो. ६७ सेंमीच्या नळीचा तो २३० हर्ट्झच्या आसपास येतो, तर दीड मीटरवाल्या नळीचा थेट १०० हर्ट्झजवळ, सबवूफरच्या कामाच्या पट्ट्याला खेटून. फिलिप्सच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले, की नळीच्या टोकाशी सुटणारे हवेचे भोवरे नेमका हाच सूर जागा करतात. फुत्काराचे मूळ तिथे आहे.

म्हणून नळीची दोन्ही तोंडे गोलाईने पसरवतात. अनेक जण फक्त बाहेरचे तोंड सजवतात आणि आतली धार तशीच सोडतात. हवा तर दोन्हीकडून ये-जा करते. पण पसरटपणाचाही अतिरेक नको. हर्मन या ध्वनी-उपकरण कंपनीच्या अभियंत्यांच्या २००२च्या निबंधानुसार, तोंड फारच पसरट असेल तर मोठ्या आवाजात हवेचा प्रवाह भिंतीपासून लवकर सुटतो. आतले तोंड बॉक्सच्या भिंतीपासून निदान एका व्यासाइतके दूर ठेवावे. पोर्ट मागच्या बाजूला काढला तर उरलेला फुत्कार कानावर कमी येतो. ट्यूनिंगच्या खालचे सूर कापणारा फिल्टर वूफर आणि पोर्ट दोघांनाही वाचवतो.

इतके करूनही हवी तेवढी नळी मावत नसेल, तर पॅसिव्ह रेडिएटर, म्हणजे नळीच्या जागी स्वतःची मोटर नसलेला पडदा, बसवावा किंवा सरळ बंद बॉक्स बांधावा. अरुंद पोर्टमधून काढलेल्या २० हर्ट्झपेक्षा स्वच्छ ३० हर्ट्झ केव्हाही चांगले. तेव्हा प्लायवूडला करवत लावण्याआधी कागदावर पोर्टची लांबी काढा आणि बॉक्सचे माप त्यानंतरच ठरवा.